हेइआन शोदान, नववा आठवडा: कमरेवरचा हात

या महिन्यात नवीन काहीच घेतलं नाही. हेइआन शोदान या कराटेतल्या काताच्या (म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या) पहिल्या पाच हालचाली, एक पार्टनर आणि त्याची घट्ट पकड, एवढ्यावरच सराव.

गेदान बराई (हात खाली झटकायची पहिली हालचाल) म्हणजे लाथ अडवणं, असंच इतकी वर्षं धरून चाललो होतो. पार्टनरला म्हटलं, खरी मार. त्याने मारली. नडगी हातावर बसली आणि पुढचे दोन दिवस साधा पेला उचलताना कळ येत होती.

मग ओकिनावाचे कराटे गुरू इतोसू यांचं १९०८ चं पत्र पुन्हा काढलं. अडवणं, सुटका करून घेणं आणि पकडणं यातलं काय कधी वापरायचं ते समजून घ्या, त्यातलं बरंचसं तोंडी शिकायचं असतं, असं ते सांगतात. म्हणजे शाळकरी मुलांसाठी पिनान बसवणाराच हे म्हणतोय! (पिनान म्हणजेच हेइआन; हे दुसरं नाव कराटे गुरू फुनाकोशींनी दिलेलं.) मग काता करताना कमरेवर येणारी माझी दुसरी मूठ रिकामी का?

आता असं करतो. त्याने उजव्या हाताने माझं उजवं मनगट धरलं की मी हात उलटवून त्याचंच मनगट पकडतो आणि कमरेकडे ओढतो. कानाजवळ गेलेला डावा हात खाली येतो तो त्याच्या कोपराच्या जरा वर, दंडाच्या मागच्या बाजूला. सोबत समोरून हटून कोनात जायचं. काताच्या सुरुवातीचं ते ९० अंशांचं वळण मी आता असंच वाचतो. त्याचा हात सरळ राहिला तर खांदा खाली जातो. पण शहाणा माणूस कोपर वाकवतोच! तेव्हा डाव्या हाताने बाही धरून खाली खेचायची आणि उजवा ठोसा. हीच की ओई-झुकी, पाऊल पुढे टाकून मारायचा ठोसा! हिकिते, म्हणजे कमरेकडे ओढणारा हात, इथेही कामाला लागला.

तेत्सुईची (मुठीचा हातोड्यासारखा फटका) गोष्ट वेगळी. मनगट सोडवायला दहापैकी तीनदाच जमलं. पार्टनर वैतागून म्हणाला, "अरे, नुसता हात काय ओढतोयस? पाय कुठाय?" काताच्या त्या जागी पुढचा पाय मागे येतोच, मीच तो आळसाने टाकत होतो. पाय आणि कंबर मागे, मनगट त्याच्या अंगठ्याच्या फटीतून बाहेर. नंतर दहापैकी आठदा.

अर्थात हे सगळं तो जागेवर उभा असताना. ढकलत आला की पहिल्याच पावलाला माझा तोल जातो आणि हात आपोआप लाथ अडवायला खाली धावतो. पुढचे दोन आठवडे तेवढंच.