पुढे मामा उभे आहेत

समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने दोनदा डिपर मारला की अर्थ एकच: पुढे मामा उभे आहेत. पाय लगेच ॲक्सिलरेटरवरून उठतो, सीटबेल्ट ओढला जातो, कानाचा मोबाईल मांडीवर येतो. पोलिसांना या डिपरचा राग येतो. पावतीपुस्तक भरायचं असेल तर राग रास्त आहे. पण अपघात टाळायचा असेल, तर डिपर मारणारा म्हणजे फुकटात मिळालेला हवालदार!

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. एकूण रस्त्यांत या महामार्गांची लांबी जेमतेम २ टक्के. म्हणजे बंदोबस्त कुठे लावायचा हे ठाऊक आहे. प्रश्न आहे तो कसा लावायचा याचा.

कॅमेरे हवेतच. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी वेग काढणारी पद्धत तर उत्तमच: १०० ची मर्यादा असलेले १० किलोमीटर कुणी ६ मिनिटांच्या आत कापले, तर एका खांबापाशी ब्रेक मारून सुटका नाही. अडचण पुढे येते. नोटीस येते ती नंतर, आणि जाते मालकाच्या मोबाईलवर. तोवर ड्रायव्हर दुसऱ्याच गाडीवर गेलेला असतो. आपण काय चुकलो हे त्याच्या कानावरही येत नाही. शिवाय टेललॅम्प बंद असलेला, शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, अंधारात टायर बदलत उभा असलेला ट्रेलर वेगाच्या कॅमेऱ्यात सापडत नाही. तो तिथून हलवायला गस्तीची गाडीच लागते.

म्हणून इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजणारी पोलिसांची गाडी, झाडाआड किंवा पुलाखाली लपवणं मला पटत नाही. गाडी निदान ३०० मीटरवरून दिसली पाहिजे. वळण संपताच किंवा चढाच्या माथ्यापलीकडे ती उभी केली, तर पाहणारा दचकून ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. ताशी १०० ने जाणारी कार सेकंदाला २८ मीटर जाते. भानावर यायला दीड सेकंद धरला तर ब्रेकला पाय लागेपर्यंतच ४२ मीटर संपतात.

याहून वाईट सवय म्हणजे हवालदाराने हात करत लेनमध्ये उतरणं. भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही. तो डावीकडे ओढतो आणि शेजारचा दुचाकीवाला चेपला जातो. तपासणी टोलनाक्यावर किंवा ले-बायमध्ये (गाड्या थांबायला रस्त्यालगत काढलेल्या जागेत) करावी, पुढच्या पोलीस गाडीला वॉकीटॉकीवरून नंबर द्यावा. शोल्डरवर थांबावंच लागलं तर गाडीच्या मागे १०० मीटरपासून १०-१२ ट्रॅफिक कोनची तिरपी रांग, अंगात रिफ्लेक्टर जॅकेट, आणि माणसं क्रॅश बॅरियरच्या पलीकडे. दोन गाड्यांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. रात्री टपावरचे सगळे दिवे भगभगत ठेवले की मागून येणाऱ्याला त्यांच्यापुढे उभा असलेला माणूस दिसेनासा होतो.

वेग मोजणारी लेसर गन ट्रायपॉडवर, रस्त्याच्या शक्य तितकी कडेला, आणि नेम नंबरप्लेटवर. काचेवर नेम धरला की रीडिंग मिळायची मारामार. ३०० मीटरवर किरण साधारण मीटरभर रुंद होतो. शेजारच्या लेनमध्ये गाडी असेल तर ते रीडिंग सोडून द्यावं. तिरकं पाहिल्याने आकडा कमीच येतो: १० अंशाच्या कोनातून ११० ची गाडी १०८ दिसते. त्यामुळे ‘तुमची गन जास्त दाखवते’ हा वाद कोनाच्या जोरावर टिकत नाही.

घाटात जागा आणखी नेमकी हवी. बोरघाटात खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. पोलीस उताराच्या तळाशी उभे राहिले तर काय उपयोग? तोवर ड्रम तापलेले. उभं राहायचं माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, आणि ड्रायव्हरला तिथेच खालचा गिअर टाकायला लावायचं.

गाडी दिसेनाशी झाली की पाय परत खाली जातो. असर फार तर काही किलोमीटर टिकतो. रोज दहा वाजता त्याच ढाब्यासमोर उभं राहिलं तर आठवड्यात त्या वाटेवरच्या साऱ्या ड्रायव्हरांना वेळापत्रक पाठ. क्वीन्सलँडच्या पोलिसांनी यावर रस्त्याचे तुकडे पाडून जागा आणि वेळ सोडतीने ठरवण्याचा उपाय केला. आपल्याकडे ६० किलोमीटरच्या हद्दीचे ५-५ किलोमीटरचे १२ तुकडे पाडावेत. ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, असलेल्या तुकड्याच्या तीन चिठ्ठ्या, बाकीच्यांची एक. आठ तासांच्या पाळीत पाच ठिकाणी तासभर, उरलेला वेळ गस्त. संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत देशात सर्वाधिक अपघात नोंदले जातात, आणि नेमक्या त्याच वेळेत पाळी बदलत असेल तर आधी ते दुरुस्त करा.

फरक पडला का, हे चलनांच्या बेरजेवरून कळत नाही. उभ्या गाडीच्या तीन किलोमीटर पुढे साध्या वाहनातून १०० गाड्यांचे वेग मोजा, चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वा आकडा, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्याच्या आत चालतात तो वेग, वहीत टिपा. महिन्याने पुन्हा मोजा. तो उतरला आणि चलनंही कमी झाली, तर वरिष्ठांनी त्या चौकीला कारणे दाखवा नोटीस धाडू नये. चौकीचं काम चलनांच्या संख्येवर जोखलं गेलं की ती गाडी पुन्हा झाडाआड जाते.