चित्रकार भेटतो, नटही भेटतो : मुंबईतला एक रविवार

पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरलो की मी टॅक्सी करत नाही. हुतात्मा चौकातून काळा घोड्यापर्यंत वीसेक मिनिटांची चाल आहे, आणि रविवारी फोर्टातले फुटपाथ मोकळे असतात. ज्या पुतळ्यामुळे या भागाला हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५मध्ये इथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. २०१७मध्ये नवा काळा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. मला तो तसाच आवडतो. राजा गेला, घोडा मुंबईचा झाला.

फेब्रुवारीत इथे कला महोत्सव भरतो, १९९९पासून. तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पण चित्रं निवांत बघायची असतील तर असा साधा रविवारच बरा.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेली. तिकीट नाही, कोणीही आत शिरावं. आणि इथली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भिंतीवरच्या चित्राचा धनी तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. या वेळी सांगलीकडचे एक चित्रकार भेटले, साठीच्या आसपासचे. आठवडी बाजाराचं जलरंगातलं चित्र होतं. भाजीवालीच्या पदरावर पडलेलं ऊन इतकं लख्ख, की मी विचारलं, "पांढरा रंग कुठला वापरलात?"

"पांढरा लावलाच नाही," ते म्हणाले. "तेवढा कागद कोरा सोडलाय. जवळ या, बघा."

वाकून बघितलं. खरंच, कागदाचा खरबरीत पोत उघडा दिसत होता आणि कडेने निळसर सावलीचा एकच हात फिरवलेला. जलरंगात ऊन आधीच राखून ठेवावं लागतं, मागाहून आणता येत नाही, हे त्या बोटभर जागेत कळलं. इथल्या तारखेसाठी त्यांनी अर्ज करून काही वर्षं वाट पाहिली होती. प्रदर्शन मात्र आठवडाभराचं!

बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात. तीही थांबून बघावीत. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एक चक्कर मारली आणि चर्चगेटहून दादर गाठलं.

शिवाजी मंदिर नाट्यगृहात दुपारी नाटकाचा प्रयोग होता. आत्या तिकिटं काढून दारातच उभी. रविवारी दुपारी इथे घरंच्या घरं येतात. आजी, सून, नातू एका रांगेत. तिसरी घंटा झाली तरी मागे कुजबुज चालूच होती, पहिल्या वाक्याला मात्र सगळं थिएटर गप्प. मध्यंतरात बटाटावडा झालाच पाहिजे, तो झाला.

पडदा पडल्यावर आत्या म्हणाली, "चल, आत जाऊन भेटू." मराठी नाटकाची ही रीत मला जिवापाड प्रिय आहे. रंगपटात नट अजून मेकअपमध्येच, घामाने निथळत होता. आत्याने त्याचं मनापासून कौतुक केलं आणि लगेच सांगितलं, "दुसऱ्या अंकात आईशी बोलताना तुम्ही पाठ फिरवता ना, ते वाक्य मागे नीट पोचलं नाही."

त्याने तिला विचारलं, "कोणत्या रांगेत होता तुम्ही?"

"शेवटून दुसऱ्या."

"रात्रीच्या प्रयोगाला बघतो," तो म्हणाला, आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकलाकाराला हाक मारून तिथेच ते वाक्य म्हणून बघू लागला.