बेस गिटारसाठी कॉम्प्रेसर पेडल निवडताना

सोलापुरात ऑर्केस्ट्राबरोबर बेस वाजवणाऱ्याला एकाच कार्यक्रमात लावणीपासून कन्नड आणि तेलुगू चित्रपटगीतांपर्यंत सगळे वाजवावे लागते. एका गाण्यात बोटांनी हलके वाजवायचे, पुढच्यात पिक घ्यायचा आणि त्यापुढच्यात अंगठ्याने स्लॅप करायचे, असा तो प्रकार असतो. या तिन्ही पद्धतींत तारेवरचा आघात इतका निराळा असतो, की साउंडवाला बेसचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) एका जागी ठेवून मोकळा होतो. मग हलके स्वर ढोलकीखाली गडप होतात आणि स्लॅप श्रोत्यांच्या अंगावर येतो. कॉम्प्रेसर लागतो तो इथे. थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या पातळीच्या, वर गेलेला आवाज तो ठरलेल्या प्रमाणात (रेशोत) दाबतो, म्हणजे 4:1 रेशो असताना आवाज थ्रेशोल्डच्या 8 डेसिबल वर गेला, तर बाहेर तो फक्त 2 डेसिबल वर निघतो, आणि दाबल्यामुळे झालेली घट आउटपुटच्या नॉबने भरून काढायची असते.

हेच काम गिटारचा कॉम्प्रेसरही करतो, मग बेससाठी वेगळा कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर कंपनसंख्येत आहे. बेसची मोकळी ई तार सुमारे 41 हर्ट्झला वाजते, म्हणजे तिच्या एका आवर्तनाला जवळजवळ 24 मिलिसेकंद लागतात. पाच तारांच्या बेसवरची बी तार 31 हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे तिला 32 मिलिसेकंदांहून थोडे अधिक लागतात. अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) आणि रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) दोन्ही याहून फार जलद ठेवले, तर कॉम्प्रेसर स्वराच्या चढउताराऐवजी प्रत्येक लाटेचाच पाठलाग करू लागतो, एकाच आवर्तनात आवाज दाबतो आणि सोडतो, आणि खर्जात एक घोगरी फाट ऐकू येते. नुसता अटॅक अति जलद असला, तर बोट तारेवरून सुटतानाचा जो ठोका असतो तोच नाहीसा होतो आणि बेस मागे कुठेतरी गुणगुणत राहतो. म्हणून अटॅक आणि रिलीज हाताने बदलता येतात की नाही, हे मी सर्वांत आधी पाहतो. मूळ डायना कॉम्पसारखे, अटॅक-रिलीजचे नॉब नसलेले दोन नॉबचे पेडल गिटारवर मला फार आवडते, पण बेसला मी ते लावणार नाही.

प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो. ऑप्टिकल कॉम्प्रेसरमध्ये दिव्याचा प्रकाश आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रेझिस्टर यांच्या जोडीने आवाज दाबला जातो. त्याची चाल संथ व मऊ असते आणि बोटांनी वाजवणाऱ्याला ती सहसा मानवते. एफईटी (ट्रान्झिस्टरने आवाज दाबणाऱ्या) प्रकाराचा आदर्श म्हणजे स्टुडिओतला 1176 हा कॉम्प्रेसर. त्याचा अटॅक 20 ते 800 मायक्रोसेकंद इतका चपळ आहे आणि त्याचे अटॅक-रिलीजचे नॉब उजवीकडे फिरवले की वेग वाढतो, तेव्हा त्या वळणाचे पेडल हाती आले की जलद बाजू कोणती, हे आधी तपासून घ्यावे. एमएक्सआरचे एम87 त्याच घराण्यातले असून त्यावर 4, 8, 12 आणि 20 असे रेशो आहेत. व्हीसीए (व्होल्टेजने नियंत्रित ॲम्प्लिफायरचा) प्रकार त्या मानाने स्वच्छ आणि काटेकोर असतो.

पण प्रकारापेक्षा मला दोन सोयी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे आवाज किती दाबला जात आहे ते दाखवणारी दिव्यांची ओळ, कारण थोडा मोठा झालेला आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि आपण फसतो. दुसरी सोय म्हणजे डिटेक्टरच्या, म्हणजे आवाजाची पातळी मोजणाऱ्या भागाच्या, वाटेवरचा हाय-पास फिल्टर; तो त्या मोजणीतून खर्ज कमी करतो. हा फिल्टर नसलेल्या पेडलवर मोकळी ई आणि नंतर जी तारेवरचा बाराव्या पट्टीचा स्वर सारख्याच जोराने वाजवून पाहा. ई वाजताच चार-पाच दिवे लागतात, जी वाजवताना जेमतेम एक लुकलुकतो, म्हणजे खर्जाची ऊर्जाच सगळा कारभार हाकत असते. फिल्टर थोडा वर घेतला की दोन्ही तारांचे दिवे जवळ येतात आणि खर्ज छातीत जाणवू लागतो. ओरिजिन इफेक्ट्सच्या कॅली76 कॉम्पॅक्ट बेसवर हा फिल्टर आहे, शिवाय मूळ आवाज मिसळण्यासाठी ड्रायचा नॉबही आहे. बॉसचे बीसी-1एक्स आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचे स्पेक्ट्राकॉम्प हाच प्रश्न आवाजाचे पट्टे पाडून, म्हणजे मल्टिबँड पद्धतीने सोडवतात. स्पेक्ट्राकॉम्पवर तर एकच नॉब आहे, आणि घाईत स्टेजवर चढणाऱ्याला तेवढा पुरतोही.

खरेदीसाठी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणार असाल, तर गर्दीची पर्वा न करता आपला बेस बरोबर न्यावा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) आणि ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बेसच्या आउटपुटमध्ये एवढा फरक असतो, की दुकानातल्या बेसवर जमवलेला थ्रेशोल्ड घरी आल्यावर निरुपयोगी ठरतो. पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी करूनच तुलना करावी. सर्वांत जोरात वाजवताना 3 ते 6 डेसिबल घट दिसली की मी तिथेच थांबतो. आणखी एक सोलापुरी अडचण आहे. आपल्यापैकी अनेकांची सरावाची खोली यंत्रमागांच्या शेजारी असते आणि त्या खडखडाटात हलके स्वर ऐकू यावेत म्हणून नॉब नकळत पुढे सरकत जातो. तेव्हा मापे माग बंद असतानाच ठरवावीत.

कॉम्प्रेसर हलक्या स्वरांबरोबर घरघरही वर उचलतो. सिंगल कॉइल पिकअपचा बेस, अर्थिंगचा पत्ता नसलेला मंडप आणि त्यात जनरेटर अशी गाठ पडली, की दोन गाण्यांमधल्या शांततेत ती घरघर सगळ्यांना ऐकू येते. त्यामुळे प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड वाट देणारा पॉवर सप्लाय घ्यावा आणि पेडलच्या अंगावरचे व्होल्टेज व पोलॅरिटीचे चिन्ह वाचूनच पिन लावावी. पेडलांच्या रांगेत मी कॉम्प्रेसर ओव्हरड्राइव्हच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी ठेवतो, मात्र एन्व्हलप फिल्टर (वाजवण्याच्या जोरानुसार स्वराचा रंग बदलणारे पेडल) वापरत असल्यास तो फिल्टर कॉम्प्रेसरच्याही आधी येतो, कारण त्या फिल्टरला बोटांचा कमीजास्त जोर जसाच्या तसा मिळावा लागतो.