आळण आणि अळणी

स्पीच थेरपिस्ट म्हटलं की लोकांना बोबडी बोलणारी मुलं आठवतात, पण माझे निम्मे पेशंट गिळण्याचे असतात. स्ट्रोकनंतर घसा ढिला पडतो, साधं पाणी इतक्या पटकन घसरतं की श्वासनलिका मिटायच्या आत फुप्फुसाकडे जातं, मग न्यूमोनिया. म्हणून पाणी दाट करून द्यायचं.

आता हे घरच्यांना कसं सांगायचं? हॉस्पिटलच्या कागदावर छापलंय 'द्रवपदार्थांची सांद्रता वाढवावी'. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी कढी केली नसणार!

असेच एक आजोबा, ७४ वर्षांचे, स्ट्रोकमध्ये वाचा गेलेली. सूनबाई हुशार, म्हणाल्या मॅडम दही दाटच असतं की, विरजण लावून देते. मी म्हटलं वहिनी, दह्याला पाणी सुटतं, मग एकाच घासात घट्ट गोळा आणि पातळ पाणी दोन्ही येतं आणि ते सगळ्यात वाईट. तेवढ्यात अकोल्याहून आलेल्या त्यांच्या मावशी आतून ओरडल्या, "अगं म्हणजे पाण्याला आळण लावायचं!"

मी उडालेच. पालकाच्या पातळ भाजीला बेसन लावतात ते आळण. आमटी गार झाली की आळते, त्या आळणे वरून आळण, जसं दळणे वरून दळण. विरजणही त्याच घडणीचं पण काम वेगळं, तिथे दूध आंबून घट्ट होतं, इथे पीठ शिजून फुगतं. (उत्साहावर विरजण पडतं ते का कोण जाणे, चांगलं दहीच होतं की.) पाणी दाट करायची आमची पावडरही स्टार्चचीच, म्हणजे आळणच, फक्त न शिजवता लागणारं. इतकी वर्षं मला शब्द हवा होता तो स्वयंपाकघरात पडलेला.

मग मी जोरातच सुरू झाले. १० मिलीची सिरिंज खालच्या तोंडाला बोट लावून भरायची, मग बोट काढायचं, १० सेकंदांनी किती उरलं बघायचं. ४ ते ८ मिली उरलं तर आजोबांना चालेल, कमी उरलं तर पातळ. पावडर घातल्यावर थोडं थांबायचं, लगेच अजून घालायची नाही. आणि उष्टा चमचा परत पेल्यात नाही, लाळेतल्या अमायलेज नावाच्या एन्झाइमने स्टार्चचं पाणी होतं. स्टार्चऐवजी झँथन गम नावाच्या डिंकाची पावडर मिळते, ती लाळेने अशी पातळ होत नाही, पण महाग.

चौथ्या दिवशी कळलं की फक्त पाण्याला लावतायत, म्हणून घाईत बसमधून मेसेज टाकला की आमटी, सूप, चहा सगळं आळण लावूनच द्या.

पुढच्या व्हिजिटला आजोबा वाटी ढकलत होते. पाच दिवस जेवण निम्म्यावर, जेवताना खोकला. फाइलमध्ये मी 'अन्न नाकारतात' लिहिलं, मूड डाऊन असेल म्हणून. मग सहज आमटी चाखली तर पातळ पाणी आणि मीठ नाही! विचारलं तर वहिनींनी माझाच मेसेज दाखवला. 'सगळं अळणी लावूनच द्या.' कीबोर्डने बदललं आणि मी न वाचता पाठवलं.

'अळणी लावून' ला काही अर्थ तरी आहे का? पण त्यांना तो लागला, कारण बीपीवाल्या घरात मीठ कमी करा हेच सगळे डॉक्टर सांगत असतात. आणि गंमत म्हणजे दोन शब्दांचं नातंही नाही, अळणी संस्कृत अलवण वरून आलाय, लवण नसलेलं. नुसत्या दिसण्यावरून माझ्या लाडक्या शब्दाने माणसाचं मीठ काढलं आणि ज्याचं काढलं त्याला सांगताही येत नव्हतं. तो वाटी ढकलून सांगत होता ते मी 'नाकारतात' म्हणून टिपलं, हे मला अजून खातंय.

डॉक्टरांना कळवलं, सोडियम तपासलं, ठीक निघालं, छातीही स्वच्छ होती. नशीब म्हणायचं. आता मी व्हॉइस मेसेज पाठवते, शिवाय चमच्यावरून किती हळू ओघळायला हवं त्याचा व्हिडिओ.

त्या दिवशी मीठ घालून, आळण लावून आमटी दिली, आजोबांनी वाटी संपवली. आजींनी बोट बुडवून चव घेतली आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे गं, पण ही आमटी नाही, पतंगाची खळ आहे."