12 मिलिमीटर मोकळे ठेवा

वायरलेस यंत्र बनवताना आधी प्लॅस्टिकचा डबा ठरतो, मग सेल, मग बोर्ड. सगळ्यांची सोय लागली की कोणीतरी विचारतं, "मॅडम, अँटेना कुठे बसवायचा?" पुण्यात छोट्या कंपन्यांसाठी अँटेना बसवायचं हेच काम करते, त्यामुळे या प्रश्नाची सवय झालीय. लोकांना वाटतं अँटेना म्हणजे रेझिस्टरसारखा एक पार्ट, उरलेल्या कोपऱ्यात चिकटवला की झालं.

सध्याचं काम पाण्याच्या मीटरचं आहे. सोसायटीच्या गेटजवळच्या खड्ड्यात बसणारा मीटर, रीडिंग रेडिओवरून पाठवणारा, आणि एकदा घातलेला सेल वर्षानुवर्षं चालला पाहिजे. रेडिओ लोरा, म्हणजे थोड्या पॉवरवर लांब संदेश पाठवणारा. बँड आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो तो, 865 ते 868 मेगाहर्ट्झ. तिथे तरंगलांबी येते साधारण 34.6 सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी, साध्या अँटेनाला लागणारी लांबी, 86 मिलिमीटर. मला मिळालेला बोर्ड 70 बाय 40 मिलिमीटर. त्यातच सी साइजचा लिथियम सेल: 26 मिलिमीटर जाड, 50 लांब, पोलादी. आणि सगळ्याच्या खाली मीटरचं पितळी अंग.

बोर्डाच्या एका टोकाला मी 12 मिलिमीटर रुंदीचा पट्टा मागितला. त्यात अँटेनाची पट्टी सोडून कुठल्याच थरात तांबं नको, वर-खाली स्क्रू नको, सेल नको. लेआउट करणारा मुलगा हुशार, पण त्याला ती जागा बघवेना. "मॅडम, एवढी जागा मोकळीच आहे ना? मग सेल जरा तिकडे सरकवू?" मेकॅनिकलवाल्यांना तिथेच स्क्रूचा खांब हवा होता. बैठकीतला निम्मा वेळ या पट्ट्यावरून भांडण्यात गेला आणि ते भांडण मी मुद्दाम लांबवलं, कारण साचा एकदा कापला की माझं कोणी ऐकत नाही.

अँटेना आहे इन्व्हर्टेड-एफ. बोर्डावरच छापलेली तांब्याची पट्टी, एक टोक ग्राउंडला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या सामाईक थराला जोडलेलं, त्याच्या जवळ फीड, म्हणजे रेडिओचा सिग्नल येतो ती जागा, दुसरं टोक मोकळं. नुसती पट्टी ग्राउंडच्या इतकी जवळ आडवी झोपवली की तिचा रोध फार कमी होतो आणि ती कपॅसिटरसारखी वागू लागते. ग्राउंडला जोडलेला तो छोटा पाय इंडक्टन्स देऊन हे सावरतो, आणि फीड थोडा इकडेतिकडे सरकवला की रेडिओला हव्या असलेल्या 50 ओहमच्या जवळ पोचता येतं. 1960 मध्ये किंग, हॅरिसन आणि डेंटन यांनी हा प्रकार क्षेपणास्त्रांसाठी मांडला. पृष्ठभागावर काही उंच उभं नको होतं, एवढीच त्यांची गरज. पुढे 1999 चा नोकिया 3210 आला, पाठोपाठ 3310, आणि डोक्यावर दांडी नसलेला फोन आपल्याकडे घरोघरी पोचला. त्याही फोनांत अँटेना होताच, फक्त मागच्या कव्हराखाली.

पट्टीच्या मोकळ्या टोकाशी व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. त्याच्याजवळ धातू आला, बोट आलं, पाणी आलं, की ट्यूनिंग खालच्या फ्रिक्वेन्सीकडे घसरतं. ग्राउंडकडच्या टोकाला करंट जास्त, आणि तो करंट पट्टीपुरता थांबत नाही, बोर्डाच्या सगळ्या ग्राउंडभर पसरतो. खरं प्रसारण बरंचसं तो ग्राउंडच करतो. म्हणून 70 चा बोर्ड 55 चा केला की अँटेनाला हात न लावताही अँटेना बदलतो. हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

कितीही हुशारी केली तरी एक हिशेब सुटत नाही. 1947 मध्ये व्हीलर आणि 1948 मध्ये चू या अभियंत्यांनी दाखवून दिलं की तरंगलांबीच्या मानाने अँटेना लहान होत गेला की त्याचा क्यू, म्हणजे ट्यूनिंग किती टोकदार आहे त्याचं माप, आकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. खूप लहान अँटेनाचा आकार निम्मा केला तर क्यू जवळजवळ आठपट. क्यू चढला की बँडविड्थ, म्हणजे अँटेना नीट चालतो ती फ्रिक्वेन्सीची रुंदी, आक्रसते. रुंदी परत हवी असेल तर ती लॉस पत्करून मिळते, म्हणजे पॉवर तांब्यात आणि एफआर-फोरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या फायबरग्लासमध्ये, उष्णता होऊन जाते. नारायणगावजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत. पुण्यात अँटेनाचं काम करते म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे हमखास त्याच येतात. मी पर्समधून बोर्ड काढून दाखवते तेव्हा त्यांची होणारी निराशा बघण्यासारखी असते.

मोजमापाचीही एक गंमत आहे. खिशात मावणारा स्वस्त व्हीएनए, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो ते मोजणारं यंत्र, आता सगळ्यांकडे आहे. त्यावर खोल दरी दिसली की मुलं फोटो काढून पाठवतात. एस-वन-वन, म्हणजे परत येणाऱ्या सिग्नलचं माप, उणे 10 डीबी (डेसिबल) म्हणजे 90 टक्के पॉवर परत आली नाही, एवढंच. ती हवेत गेली असं कुठे म्हटलंय? अँटेनाच्या जागी 50 ओहमचा रेझिस्टर लावा, आलेख याहून देखणा येईल. शिवाय केबलला हात लावल्यावर आलेख हलत असेल तर केबलच अँटेना झालीय, तिच्यावर सिग्नल अडवणारं फेराइटचं कडं चढवा. मी शेवटी गच्चीवर जाते. दूर एक रिसीव्हर, इकडे आधी तुलनेसाठी 16-17 सेंटिमीटरचा ट्यून केलेला डायपोल, म्हणजे दोन दांड्यांचा साधा अँटेना, मग तितक्याच पॉवरवर बंद डब्यातला आमचा बोर्ड, तिन्ही बाजूंनी फिरवून. दोघांतला फरक डीबीमध्ये लिहायचा. चेंबरमध्ये, म्हणजे लहरी भिंतींवरून परत न येणाऱ्या चाचणी-खोलीत, जाण्याआधी एवढं पुरतं.

हा फरक सेलमधून वसूल होतो. लोरामध्ये स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे संदेश किती ताणून पाठवायचा ती पायरी, एकाने वाढवला की साधारण अडीच डीबी मिळतात आणि तोच संदेश पाठवायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. अँटेनात 5 डीबी गमावले तर दोन पायऱ्या चढाव्या लागणार, म्हणजे प्रत्येक रीडिंगला रेडिओ चौपट वेळ चालू. सेल सरकवून वाचवलेली जागा अशी भारी पडते. बैठकीत क्यू आणि चू कोणाला पटले नाहीत, पण हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर स्क्रूचा खांब पलीकडे गेला.

मग पावसाळा. खड्ड्यात पाणी भरतं आणि पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जवळपास 80, म्हणजे हवेच्या ऐंशीपट. डब्याची भिंत अँटेनाला टेकलेली असेल तर बाहेरचा पाण्याचा नुसता पापुद्राही ट्यूनिंग खाली ओढतो. म्हणून पट्टी झाकणाकडच्या बाजूला घेतली आणि भिंतीपासून आत सरकवली. नमुन्यात पट्टी मुद्दाम थोडी लांब छापते. डबा बंद करून मोजायचं, उघडून ब्लेडने टोक खरवडायचं, परत बंद करायचं. लांबी कमी होईल तशी फ्रिक्वेन्सी वर येते. उरलंसुरलं फीडजवळच्या पाय (π) नेटवर्कच्या, म्हणजे जुळवणीचे छोटे पार्ट बसवायच्या, तीन जागांमधून भागवायचं. डबा उघडा ठेवून केलेलं ट्यूनिंग मी मोजतच नाही.

एवढं जुळून आलं होतं. परवा कंपनीचा फोन आला: लोरासोबत याच बोर्डावर एनबी-आयओटीही, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून रीडिंग पाठवणंही हवंय, एलटीईचे 5 आणि 8 हे दोन्ही बँड. म्हणजे 3 मेगाहर्ट्झऐवजी 824 ते 960. रुंदी 136 मेगाहर्ट्झ, पंधरा टक्के. "त्याच 12 मिलिमीटरमध्ये होईल ना?" असं विचारत होते. बोर्ड 100 मिलिमीटर करा आणि मोकळा पट्टा 18 चा द्या, असं लिहून पाठवलंय. मेकॅनिकलवाल्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.