माजघराची भिंत आणि मिठाची बरणी : नोंद सतरावी

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुरुस्त करून लोकांना दाखवत असलेल्या आमच्या जुन्या वाड्याचे माजघर उघडले, तेव्हा उत्तरेच्या भिंतीखाली पुन्हा लाल भुकटी पडलेली होती. भिंतीवरच्या चित्रात गणपतीच्या उजवीकडे चवरी ढाळणाऱ्या स्त्रीच्या लुगड्याचा आणखी दोन बोटे भाग गेला. मागच्या नोंदीत मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की, सिमेंटचा गिलावा उतरवला, भिंतीमागची जुनी मोरी बुजवली, आता या भिंतीला लोणा फुटणार नाही, म्हणजे आतले मीठ वर येऊन रंग झडणार नाही. ते विधान मागे घेतो.

सिमेंट काढण्यात चूक नव्हती. पूर्वीच्या भाडेकरूंनी कमरेइतक्या उंचीपर्यंत केलेल्या त्या गिलाव्यातून ओल बाहेर पडू शकत नव्हती. ती विटांमधून वर सरकून थेट चित्रापर्यंत पोहोचत होती आणि बरोबर मीठ नेत होती. नवी ओल थांबली, हे खरेच आहे. मात्र इतक्या वर्षांत भिंतीत साठलेले मीठ जागच्या जागी आहे, याचा मला विसर पडला. भुकटी गावातल्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नेली. तिच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडताच पांढरा साका आला. क्लोराइड, म्हणजे बहुतांशी आपले खाण्याचेच मीठ.

तरीही एक कोडे सुटत नव्हते. श्रावणात भिंतीला हात लावला तर तळवा ओला होतो, पण तेव्हा रंगाचा कणही पडत नाही. पडझड होते ती आश्विनात, भिंत कोरडी दिसू लागल्यावर. याचे उत्तर अगदी वेगळ्याच कामात सापडले. बाजारातून स्वस्तातले तीन आर्द्रतामापक आणले होते आणि तिघांचे आकडे तीन दिशांना जात होते. ते तपासायची जुनी युक्ती म्हणजे बरणीत पाण्याने जेमतेम भिजलेले मीठ ठेवायचे, मापक आत ठेवून झाकण घट्ट लावायचे आणि रात्रभर थांबायचे. आतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी एक मापक 76 दाखवत होता, दुसरा 71 आणि तिसरा 84 (हा तिसरा आता तिकिटाच्या टेबलावर शोभेला आहे). 76 हा आकडा वहीत लिहिताना हात थांबला. बरणीत आहे तेच मीठ भिंतीत आहे. हवा 75 च्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून विरघळते, खाली आली की पुन्हा स्फटिक होते, आणि स्फटिक वाढताना रंगाचा थर पुढे ढकलतो. पावसाळाभर ते विरघळलेलेच राहते, म्हणून श्रावणात चित्र शाबूत असते.

मग मागच्या पंधरवड्याचे आकडे पाहिले. वाईत आमचा वाडा कृष्णेच्या काठाला लागून असल्यामुळे आश्विनात पहाटे माजघरात 80 च्या वर आणि दुपारी 45 च्या आसपास नोंद होती. याचा अर्थ, मीठ रोज विरघळत होते आणि रोज स्फटिक होत होते. त्यात आम्ही दसऱ्यापासून खिडक्या सताड उघडून भिंतीसमोर पंखा लावला होता. चित्राचा घात पावसाने केला नव्हता, आमच्या पंख्याने केला होता.

आता खिडक्या बंद आहेत, दाराला जाड वाकळ लावली आहे आणि खोली सावकाश वाळू देत आहोत. भिंतीतले मीठ बाहेर काढण्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या कागदी लगद्याचा लेप द्यायचा विचार होता. लेप वाळताना मीठ ओढून घेतो. पण हे चित्र कोरड्या गिलाव्यावर डिंकात कालवलेल्या रंगांनी काढलेले आहे, ते पाण्याने धुऊन जाईल. तेव्हा लेप फक्त चित्राखालच्या कोऱ्या पट्ट्यावर. हे लिहीत असतानाच वाटते की, तिथे लेपाऐवजी चुना आणि वाळूचा कच्चा, सच्छिद्र गिलावा द्यावा, वर्ष-दोन वर्षे त्याला मीठ पिऊ द्यावे आणि मग खरवडून टाकावा. संदला, म्हणजे चुन्याचा शेवटचा गुळगुळीत हात, त्यानंतरच. हेच करीन.

चुन्याबद्दल माझे मत अधिक कडक झाले आहे. पिशवीतली भुकटी घेऊ नये. दुकानात पडून ती हवा खाते आणि तिच्यात जीव उरत नाही. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणून स्वतः पाण्यात विरवावा आणि निदान एक पावसाळा पाण्याखाली मुरू द्यावा. एका व्यापाऱ्याने ‘जुन्या वाड्याचे सागवान’ म्हणून पॉलिश मारलेले नवे लाकूड पाठवले होते, ते परत केले. पुढे मोडून पडलेल्या एका घराच्या तुळईतून हव्या त्या जाडीच्या फळ्या निघाल्या आणि ओसरीच्या कडीपाटाचे, म्हणजे लाकडी छताचे, दोन खण पूर्ण झाले. दिंडी दरवाजाचा अडसरही आता एका हाताने सरकतो. परवा मी तो विनाकारण चारदा सरकवून पाहिला.

दिवाळीत माजघर खुले करण्याचा बेत रद्द केला आहे. शाळेची चाळीस मुले आत शिरली की त्यांच्या श्वासानेच आकडा वर चढतो, त्यामुळे चित्र ओसरीवरून, दारातूनच दाखवू. दारात कठडा हवा. सुताराला उद्या बोलावले आहे. आज रात्री नऊ वाजता माजघरात 68 आहे, काल याच वेळी 69 होता.