एका बिजागरीसाठी प्रवास

परवा एक विद्यार्थिनी ट्रॅव्हल फेलोशिपचं प्रपोजल दाखवायला आली. तीन आठवडे, पाच देश, सतरा इमारती. कागद बघताच मला माझा पहिला अर्ज आठवला. तोही असाच होता आणि नाकारला गेला होता. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. आज वाटतं, ज्युरीचं बरोबर होतं. एवढ्या मोठ्या यादीत मी नेमकं काय शोधायला निघाले आहे, हेच कुठे नव्हतं.

पुढच्या वर्षी मी एकच प्रश्न लिहिला: काँक्रीटची बिजागरी दिसते कशी? थ्री-हिंज्ड आर्चची, म्हणजे दोन्ही टेकूंपाशी आणि माथ्यावर बिजागरी असलेल्या कमानीची, गणितं आम्ही ढिगाने सोडवली होती. पुस्तकात हिंज म्हणजे एक छोटंसं वर्तुळ. तिथे मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, शून्य, विषय संपला. पण काँक्रीटमध्ये ते वर्तुळ आणायचं कुठून?

म्हणून स्वित्झर्लंडमधला शीर्सजवळचा साल्जिनाटोबेल पूल निवडला. इंजिनिअर रॉबर्ट मायारने डिझाइन केलेला, 1930 साली पूर्ण झालेला, 90 मीटर स्पॅनची कमान. तिथे चार दिवस राहिले. पहिला दिवस फोटो काढण्यात गेला, आणि संध्याकाळी बघते तर बिजागरी एकाही फोटोत धड आलेली नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा खोलीवरच ठेवला आणि वही घेऊन पायवाटेने खाली उतरले.

चित्र काढायला लागलं की डोळ्यांनी सोडून दिलेलं हाताला सोडता येत नाही. कमानीची रेघ टेकूपाशी बारीक सुरू होते, स्पॅनच्या पाव अंतरावर भरते आणि माथ्याकडे पुन्हा निमुळती होते. अर्ध्याच पुलावर भार आला तर सगळ्यात जास्त बेंडिंग मोमेंट साधारण त्या पाव अंतरावरच येतो. तो डायग्राम मी शेकडो वेळा काढला होता. दोन कड्यांच्या मधे तो उभा असलेला पहिल्यांदाच पाहत होते.

आणि बिजागरी? पिन नाही, लोखंडी खोबण नाही. दुर्बीण लावली तर टेकूपाशी काँक्रीटलाच मान काढलेली दिसली. उन्हाने कमान फुगली किंवा पाया जरासा खचला, तर ती मान किंचित वळते आणि बाकीच्या अंगावर ताण येत नाही. त्या वर्तुळाचा अर्थ मला तिथे, दगडावर बसून कळला.

आणखी एक गोष्ट तिथेच नीट समजली. मायारने आधी कमानीचा तळचा पातळ स्लॅब ओतून घेतला. तो पक्का झाल्यावर वरच्या भिंतींचं वजन त्याने पेललं, त्यामुळे लाकडी सेंटरिंग, म्हणजे बांधकामाला खालून दिलेला तात्पुरता आधार, हलकं ठेवता आलं. दरीकडे बघितलं की त्या हलकेपणाची किंमत कळते.

आर्किटेक्टना प्रवासाची ही सोय फार जुनी आहे. फ्रान्समध्ये 1720पासून त्यांना बक्षीस म्हणून रोमला पाठवत. बोस्टनची रॉच ट्रॅव्हलिंग स्कॉलरशिप 1883ची. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एसओएम या अमेरिकन आर्किटेक्चर-इंजिनिअरिंग फर्मच्या फाउंडेशनने खास ट्रॅव्हल फेलोशिप सुरू केली ती 1990च्या दशकाच्या अखेरीस. इतका उशीर का, याचा मला अजून राग येतो. इंजिनिअरला आकडे पुरतात, बघायची गरज नाही, असं कोणी ठरवलं? मायरन गोल्डस्मिथ आर्किटेक्टही होता आणि इंजिनिअरही. 1953 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो इटलीला, काँक्रीटच्या रचनांसाठी नावाजलेल्या नेर्वी या इंजिनिअरकडे शिकायला गेला, कारण नेर्वीच्या हातांतलं काँक्रीट जवळून बघायचं होतं.

तर त्या मुलीबरोबर संध्याकाळभर बसले. प्रत्येक इमारतीसमोर विचारलं, ‘इथे तू काय मोजणार?’ उत्तर आलं नाही तिथे तिने स्वतःच काट मारली. सतराच्या चार झाल्या. चौथीला अजून उत्तर नव्हतं, पण नाव काढताना तिचा आवाज बदलला. म्हटलं, ही राहू दे, आणि तिथे दोन दिवस जास्त धर.